बरण्यांची रांग

सप्टेंबर, म्हणजे इथल्या दक्षिण बेटावर वसंत.
शनिवारी सकाळी हॉलच्या दारात रांग,
प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरचं पाणी:
जॅमची बरणी, व्हिस्कीची चपटी बाटली,
एकीनं तर फुलदाणीच आणलीय
तोंडाला प्लास्टिक बांधून.

मी टेबलामागे. नाव लिहिते, बोअरची खोली,
आणि कुंपणापलीकडे काय.
कुंपणापलीकडे सगळ्यांच्या एकच:
गायी.

पाणी नितळ. सगळ्यांचंच.
बरणी खिडकीशी धरली की पाइनची ओळ दिसते,
तिच्यामागे तो चाकांवरचा फवारा,
अर्धा मैल लोखंड, राकायाचं पाणी पीत
गवतावरून गोल गोल सरकणारा.

वास नाही. चव नाही.
"आम्ही उकळूनच पितो," फ्लोरा मॅकगिलव्हरी सांगते,
पाठ केलेला धडा म्हणावा तशी.
तिला कोण सांगणार,
उकळलं की पाणी तेवढं उडतं,
नायट्रेट बसून राहतं
आटवलेल्या दुधासारखं, दाट होत.
मीच सांगते. ती बरणीचं झाकण
पुन्हा घट्ट करते, उगाच.

कुठे पाणी मुरतंय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.
बोलत कुणी नाही.
या हॉलचं छप्पर दुधाच्या पैशातून झालंय.

अकराच्या सुमारास ड्युगल्ड स्ट्रॅकन आला.
रांग जराशी सरकली,
जागा द्यायला, की अंतर ठेवायला.
त्यानं कोटाच्या खिशातून काढली
बाळाची दुधाची बाटली,
साठ मिलीच्या रेघेपर्यंत भरलेली.
"मरामाची," म्हणाला. "सुनेची. सहा दिवसांचं आहे पोर."

चौदा पूर्णांक सहा.
मर्यादा अकरा पूर्णांक तीन.

"मशीन बरोबर आहे ना?"
सगळेच विचारतात. मी पुन्हा लावलं.
चौदा पूर्णांक सहा.

तो खुर्चीत बसला नाही, उभाही नीट राहिला नाही.
मग विचारलं, "कधीचं असेल हे पाणी?
म्हणजे, वरून खाली जायला..."
"नक्की नाही सांगता येत. तुमच्याकडे,
वीसेक वर्षं."

तो मोजत होता. ओठ हलत होते.
"तेव्हा माझ्याकडे," तो म्हणाला,
"दोनशे गायी होत्या."

आज किती, ते कुणी विचारलं नाही.
पहाटे दूध काढायला जाताना
नऊशे जणींच्या खुरांचा आवाज
निम्म्या गावाला ऐकू येतो.

बाटली त्यानं परत खिशात घातली,
बूच न लावता. कोट भिजत गेला.

फ्लोरानं त्याच्या हातात कप दिला.
मागच्या टेबलावर चहाचं मोठं भांडं
सकाळी आठपासून उकळत होतं.
हॉलच्या बोअरचं पाणी
कुणी आणलंच नव्हतं.