पासंग

इतवारीत, तीन नळ चौकाच्या अलीकडे
माझं मोडीचं दुकान.
शनिवारी माल भट्टीला जायचा,
म्हणून कुमुदबाई निनावे शुक्रवारी यायच्या.
चित्रकलेच्या रिटायर्ड मास्तरीण.
पिशवीत पेन्सिली, सुतळी, दोन कंपास
आणि डब्यात भिजवलेली मटकी.

पोत्यावर बसून काढत राहायच्या
गुंड, गडवे, कोपर, बंबाची तोटी,
मोराच्या मानेचा अडकित्ता
ज्याचा डोळा झिजून गेलेला.
मे महिन्यात पत्रा तापला की
मनगटाला रुमाल बांधायच्या,
घाम कागदावर पडू नये.
मी चहाला उठलो तर
गल्ला त्यांच्याच भरवशावर.

विकत कधी काही घेतलं नाही.
"ठेवू कुठं, डोमाजी? दोन खोल्या.
कागद गादीखाली मावतो."

म्हटलं, बाई, पोचे काहून काढता?
नवं कोरं दाखवा, छान दिसन.
तर म्हणे, तांबटानं अर्धंच केलं,
बाकीचं घरच्यांनी. पाडून, आपटून.

नावंसुद्धा उतरवायच्या, कोरली तशी :
'चि. गोदूस मामाकडुन',
चुकलेल्या उकारासकट.
शनिवारी गोदू वितळायची.

शेवटी विचारायच्या, वजन?
तेवढं कागदाला येत नाही, म्हणायच्या.
मी सांगायचो.
लिहिण्याआधी त्या एकदा माझ्याकडे बघायच्या.

पोळ्यानंतर आल्याच नाहीत.
दिवाळीच्या तोंडावर भाचा आला, स्कूटरवर गठ्ठे.
रद्दी घेता का?
म्हटलं, पितळ असेल तर बोल.
तरी एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, सहज.

तराजू.
माझाच. लोखंडी दांडी,
साखळीची तिसरी कडी तारेनं जोडलेली.
शेजारी मापाचं पारडं, पालथं,
त्याच्या बुडाला मेण,
मेणात माझा अंगठा, रेघ न् रेघ.
इतकं सुबक माझं कुणी काही काढलं नव्हतं.
खाली बारीक अक्षर :
पासंग, अठरा ग्रॅम.
मालक डोमाजी. बसायला पोतं देतात.

मग मागची पानं उलटली.
प्रत्येक वजनापुढे अधिक अठरा.
गोदूच्या गडव्यापुढेसुद्धा.

भाचा विचारत होता, काय भाव लावता.
मी पारडं पालथं करून
नखानं खरवडत होतो.
मेण जुनं झालेलं. निघत नव्हतं.