मधली खोली

संगणक म्हणतो: या नेटवर्कला जोडता येत नाही.
एवढंच. का, ते सांगत नाही,
तलाठ्याच्या कचेरीतल्या माणसासारखा,
मान वर न करता.

राउटर पडवीत. तिन्ही दिवे हिरवे.
पडवीत उभं राहिलं की फोनवर
पुण्याच्या मोघेबाई विचारतात,
'ऑर्डर टाकलीय, पोचली का मिठबावला?'
पोचली असणार. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन
चपला काढून उभी असणार.
पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या त्या आतूनच,
प्रिंटर त्या म्हाताऱ्या संगणकाला बांधलेला.

जामसंड्याहून इरफान साटविलकर फोनवर:
'वयनी, बंद करून परत चालू केलात?'
केलं. राउटर, संगणक, शेवटी मेन स्विच.
फ्रीज हुंदका देऊन थांबला, पुन्हा लागला.
'मगे नेटवर्काक विसर म्हणान सांगा.'
तसं बटण खरंच असतं. दाबलं.
पाच वर्षांची ओळख, एका टिचकीत विसरला.
पुन्हा नाव निवडलं, पासवर्ड घातला:
थोरलीचं लाडकं नाव आणि कलमांच्या जमिनीचा गट नंबर.
पडद्यावरचा गोल फिरत राहिला,
बसायची जागा ठरवणाऱ्या मांजरासारखा,
आणि बसला नाही.

'ड्रायव्हर जुनो झालो असतलो,' इरफान म्हणाला.
ह्यांनी पेट्यांना खिळे मारता मारता ऐकलं:
'छे, बाबल्या आत्ता कुठे पस्तिशीचा!
आणि तो तर टेंपो घेऊन वाशीला गेलाय.'

मागे खोचलेलं वायफायचं पेर उपसून पाहिलं.
खाऱ्या वाऱ्यात इथे दाराची कडी दोन वर्षं टिकत नाही,
हे तर बोटभर.
टोकाला हिरवट बुरा. धाकट्याच्या खोडरबराने घासलं,
फुंकर मारली, परत खोचलं.
काही नाही.

यादीत मात्र सगळा वाडा हजर:
'कुबल होम', चार कांड्या.
'हात लावू नये', तीन, हा दिगंबरच.
आणि तळाशी आमचं, एक कांडी, तीही येऊन-जाऊन,
आपल्याच घरात उपरं.
कुबलांचं खिडकीतून येतं, गडगा ओलांडून, रस्ता ओलांडून.
आमचं एका खोलीपलीकडून येत नाही.
हे मी पाहिलं.
पाहिलं आणि भात लावायला गेले.

त्या एका खोलीतून जाताना अंग चोरावं लागायचं.
खालपासून वाशांपर्यंत पेट्या,
उरलेल्या जमिनीवर गवतात आढी.
रात्री भिंतीला हात लावला तर ऊब,
आत वीस माणसं झोपल्यासारखी.

शेवटी मी वही घेऊन पडवीत बसले.
फोनवर ऐकायचं, हाताने पत्ता लिहायचा,
पिनकोड चुकायचा.
कोथरूडच्या दोन पेट्या कोल्हापूरला गेल्या.
बाबल्या आला, गेला, पुन्हा आला.
पन्नास पेट्या गेल्या, साठ गेल्या.
एका संध्याकाळी दोन कांड्या दिसल्या,
मी कुणाला बोलले नाही.

इरफान उगवला मे संपताना,
पिशवीत नवं यंत्र, वायरचं भेंडोळं.
खुर्चीत बसला आणि उठला.
'वयनी, ह्यो तर चालता हा!'
मग मागे वळून रिकाम्या खोलीकडे बघितलं.
'हय काय होता?'
'आंबे.'
गवतात राहिलेला एक डागी आंबा त्याने उचलला,
टिचकी मारून कानाशी धरला.
'पाणी. फळ म्हणजे सगळा पाणीच.
पाणी सिग्नल खाता, वयनी.'
पैसे घेतले नाहीत. आंबा घेतला.

तो गेल्यावर बसले. एकेचाळीस ऑर्डरी,
एकामागून एक, धडाधड आत आल्या,
मोघेबाईंच्या तर दोनदा.
पायाला अजून गवत टोचत होतं.
पडवीपासून इथपर्यंत
आता काही म्हणजे काही आडवं नाही.

मी टाइप करते: यंदाचा आंबा संपला.

लगेच जातं.