झडप क्रमांक दोन

सव्वासातला पाश्कोल पाण्यात उतरतो,
आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत,
रबरी विजार, डाव्या ढोपरावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
वर कंट्रोल खोलीत मी थर्मासच्या झाकणात चहा ओततो
आणि नोंदवहीत लिहितो: पातळी, तापमान, झडप बंद.
पाश्कोलसाठी रकाना नाही.

सव्वीस वर्षं त्यानं जहाजावर कांदे चिरले,
नंतरची सहा स्कॉटलंडात, नदीकाठच्या हॉटेलात.
तिथल्या माळ्यानं मरताना त्याला ही काठी दिली,
तीन तुकड्यांची, आणि एक पत्र्याची डबी.
डबीत माश्या. खऱ्या नव्हेत,
आकड्यावर पिसं बांधून केलेल्या.
त्या कधीच संपल्या, झाडांत अडकल्या.
आता तो स्वतःच बांधतो:
सांग्याच्या बाजारातल्या कोंबड्याचं मानेवरचं पीस,
आंजेलिनच्या लग्नाच्या झग्यातली जर,
माझ्या कुत्र्याचे दोन केस
(विचारून घेतले. मला, कुत्र्याला नाही).
माशाला माशी, म्हणतो,
तुमच्या मराठीत किती सोपं,
काना काढला, वेलांटी दिली.

दोरी मागे जाते. तो थांबतो.
ती पूर्ण मागे जाऊन सरळ होईपर्यंत थांबतो,
मगच पुढे.
गावची पोरं गांडूळ लावून
दहा वाजेपर्यंत पिशवीभर पिठोळ घरी नेतात
आणि जाताना विचारतात, काका, काय आलं?
तो म्हणतो, वारा.

तिथे सामन असतो, त्यानं मला सांगितलं.
रावस?
रावस नव्हे रे. सामन.
समुद्रातून परत येतो, जिथे अंड्यातून फुटला
त्याच ओढ्यात, वासावरनं.
वाटेत धरण असलं तर बाजूनं पाण्याचा जिना करतात त्याच्यासाठी,
पायरी पायरी चढतो.
भिंतीत काच बसवलेली, आतून एक बाई मोजत असते.
सरकारी नोकरी? मी विचारलं.
सरकारीच.
आमच्याकडे जिना एकच, लोखंडी,
वर पाटी: परवानगीशिवाय चढू नये.

मे महिन्यातसुद्धा इथलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार,
कारण ते तळातून येतं.
पाश्कोल ओंजळभर तोंडावर मारतो,
थोडं पितो.
आमच्या चुलीवरनं आलंय हे, म्हणतो.
मग जीभ टाळ्याला लावून बघतो, आचारी तो:
मीठ कमी.

मंगळवारी आठला कालव्याला पाणी सोडायचं होतं.
पहिला सायरन दिला. दुसरा दिला.
तो हलेना.
खिडकीतून दिसली काठी, टोकापासून मुठीपर्यंत वाकलेली,
आणि दोरी, पाणी कापत भिंतीकडे चाललेली.
खडस.
एवढा मोठा खडस मी फक्त मामाच्या थापांत पाहिला होता.
बटणावर माझं बोट.
आठ वाजून चार.
फोन वाजला, वाजू दिला.
आठ नऊ.
पाश्कोल दोन पावलं मागे, एक पुढे,
काहीतरी बोलत होता त्याच्याशी, कोंकणीत की इंग्रजीत, ऐकू येईना.
आठ अकराला त्यानं आधी हात ओले केले,
मग मासा धरला,
जबड्यातून माशी काढली, ओठांत ठेवली,
आणि माशाचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करून
त्याला तसाच धरून राहिला
भिंतीसमोर.
त्याला दम खायला हवा होता. कुणाला ते मला सांगता येणार नाही.
मग हात रिकामे झाले.

तो काठावर आला, दगडावर बसला, वर बघून हात हलवला:
सोड.

नोंदवहीत मी लिहिलं:
८.१४. झडप क्रमांक दोन उशिरा उघडली. कारण, गंज.

गुरुवारी मडगावहून खरंच फिटर आला,
बरंच शोधलं, गंज सापडला नाही,
तरी आलोच आहे म्हणून तेल घालून गेला.
आता झडप आवाज न करता उघडते.
पाश्कोलला हे अजिबात आवडलेलं नाही.