मानस

नदी व्यवस्थापन आराखडा, मसुदा तिसरा.
माझ्याकडे रंग पाच.
पाण्याला निळा, वस्तीला तांबडा, झाडीला हिरवा,
रस्त्याला करडा,
आणि उरेल त्याला फिकट पिवळा:
‘कोरडी, वापराविना’.

उपग्रहानं चोडण टिपलं
मे महिन्यात, सकाळी साडेदहाला.
बांधाच्या आतलं सगळं
पिवळं आलं.
साहेब म्हणाले, जाऊन ये, हद्द पक्की कर.

रायबंदरच्या फेरीत एका मासळीवालीनं
माझ्या गुंडाळीवर टोपली टेकवली.
कुणाची गो पत्रिका?
नदीची, म्हटलं.
मग मंगळ बघ, म्हणाली, आणि हसली नाही.

बांधावर इनास. मानशेकार.
आमच्या मराठीत मानस म्हणजे मन;
इथे ते एक दार आहे,
मट्टीच्या लाकडाचं,
शेवाळानं काळंशार, बिजागरीवर टांगलेलं.
त्याला कडी नाही, कुलूप नाही.
भरती आली की बाहेरचं पाणीच ढकलून लावून घेतं,
ओहोटीला आतलं पाणी
खांदा देऊन उघडतं.
‘मी फक्त फळ्या बघतो,’ इनास म्हणाला,
‘कुठली कुजली, कुठे खेकड्यानं बीळ केलं.
बाकी काम चंद्राचं. त्याला पगार नाही.’

मी फीत काढली. विचारलं, पाण्याची हद्द कुठे?
त्यानं मनगटाकडे पाहिलं.
‘आता इथे.
चार वाजता त्या खांबाला.
परवा अमावास्या, तेव्हा तू उभी आहेस तिथे
सुंगटं पोहतील.’

मग तो बांधावर बसला, बोटांनी मोजत सांगत गेला:
पावसानं मीठ धुतलं की कोरगुट पेरायचं,
खाऱ्या मातीवर तेवढंच एक भात मान वर काढतं.
कापणी झाली की पाणी आत,
शेवटे, काळुंद्रां, चणक,
रात्री मानशीला जाळं.
मे महिन्यात सगळं सुकवायचं, भेगा पडेपर्यंत.
‘तुमचा फोटोवाला नेमका तेव्हाच आला.
झोपलेल्या माणसाचा फोटो काढून
मेला म्हणून लिहिलंत.’

मी काही बोलले नाही.
पलीकडे बांध एका जागी फुटलेला होता,
आत खारफुटी शिरलेली, शेतात गुडघाभर.
दुरुस्तीची सभा तीनदा बोलावली,
तीनदा माणसं भरली नाहीत.
निम्मे लिस्बनला, निम्मे बोटीवर,
मत मागायला आलेला एकजण मात्र
त्या भगदाडाशी उभा राहून फोटो काढून गेला.
इनासचा मुलगाही बोटीवरच.
फोनवर विचारतो म्हणे, पाणी कितपत आहे?
हा सांगतो, तुझ्या पाण्यापेक्षा कमी, पण ऐकतं.

परतताना त्यानं एक तुटकी फळी दाखवली.
आजोबांच्या वेळची. नवी बसवली म्हणून काढलेली.
फेकली नव्हती.

कार्यालयात मी सहावा रंग मागितला.
साहेब म्हणाले, छपाईत पाचच बसतात.
मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
‘सदर क्षेत्र पाणी की जमीन,
हे भरतीची वेळ विचारून ठरवावे.’
चौथ्या मसुद्यात तो रकाना नव्हता.
पिवळा मात्र थोडा गडद झाला होता,
आणि त्यातून एक करडी रेघ
सरळ, पट्टीनं ओढलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी
द्वारकी झाडू मारता मारता माझ्या टेबलाखाली थांबली.
माझ्या चपलांचा चिखल रात्रीत वाळला होता,
आणि त्याच्या कडेनं
पांढरी, बारीक, खरखरीत
एक हद्द उमटली होती.
तिनं बोट लावलं, जिभेला टेकवलं.
‘मॅडम, खाजनात गेलेलात?’

हो म्हटलं.
ती तेवढी जागा सोडून
पुढे झाडत गेली.