बोट लागणे

बेतीच्या धक्क्याला फेरीबोट लागते
तेव्हा आधी टायर दबतात, मग साखळी वाजते,
मग लोखंडी फळी आडवी होते आणि स्कूटरी सुटतात.
काचेला बोट लागतं तेव्हाही असंच काहीसं:
टेकलं, हललं, उचललं.
तीन निरोप येतात आमच्याकडे, वेळेसकट, जागेसकट.
चौथा क्वचित येतो. रद्द.

पर्वरीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर
एसीत सुकलेल्या बोटांनी मी हे सगळं लिहिलं.
माझं बोट कोरडं, लॅम्बर्टचं कोरडं,
चाचणीसाठी घेतलेले नऊ फोन, तेही कोरडे.
मालीमच्या जेटीवर पहाटे साडेचारला
कोरडं असं काही नसतंच,
हे आमच्या कुठल्या टिपणात नव्हतं.

एस्पेरांसाबाईंनी बांगड्याची एक पेटी मागितली
आणि तीन आल्या.
"दामलें, तो उलयलो ना.
परत दामलें, उलयलो ना.
मागीर कितें करप?"
त्यांच्या अंगठ्यावर खवला चिकटलेला,
नखाशी सुरीचा जुना वण.
नेमकं बोट ठेवलं त्यांनी.

लॉग उघडून पाहिला:
सर्व्हरकडून उत्तर यायला चार सेकंद,
आणि तोवर बटण तसंच निळं, मख्ख,
कानात कापूस घातल्यासारखं.
तिन्ही हाका मी ऐकल्या होत्या.
लिहूनही ठेवल्या होत्या, मिलिसेकंदापर्यंत.
ओ तेवढी दिली नव्हती.

आता बोट टेकताच बटण जरासं खाली बसतं,
फोन तळहातात थरथरतो,
अक्षरं येतात: ऐकलं, थांबा.
आणि एकदा ओ दिली की उत्तर येईपर्यंत आपण ठार बहिरे,
मग कोणी दहादा दाबो.
(माझी आई स्वयंपाकघरातून हेच करायची.
तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.)

मग पाण्याचा थेंब.
काचेला थेंब आणि बोट यांतला फरक फारसा कळत नाही.
बर्फ वितळला, थेंब ओघळला,
डावीकडून उजवीकडे, अगदी सरावल्यासारखा,
आणि सोळा किलो तारले यादीतून पुसून गेले.
लॅम्बर्ट हसला. मीही हसले.
तारल्यांचं गिऱ्हाईक हसलं नाही.
त्या दिवसापासून पुसण्याआधी विचारतो आम्ही,
मोठ्या अक्षरांत, दोनदा.

फेब्रुवारीत एका रात्री
नोंदी चाळत बसले होते. सगळं ठीक चाललेलं.
टेकलं, उचललं. टेकलं, उचललं.
मधेच एक ओळ:
"इसवण, बोली लावा" या बटणावर टेकलं.
अकरा सेकंद हललं नाही.
मग अगदी हळू सरकत सरकत
बटणाच्या कडेबाहेर गेलं, आणि तिथे उचललं.

नियम माझाच आहे:
बोट बाहेर जाऊन उचललं
तर काहीच झालं नाही असं समजायचं.
खाली रेघ नाही, रंग नाही, थरथर नाही.
यादी जशीच्या तशी.
अकरा सेकंद कोणीतरी पैसे मोजले असतील,
किंवा कोणाला तरी आठवलं असेल,
किंवा मागून हाक आली असेल.
खात्याचा नंबर ओळखीचा होता.

पुढच्या भेटीत त्या पाटलो धूत होत्या.
"आतां बरो उलयता," म्हणाल्या, फोनकडे मान उडवून.
मी विचारलं नाही.
विचारायला मला कुठलं बटण होतं?

परतीच्या फेरीत मला बोट लागते,
पाच मिनिटांच्या पाण्यातही. लोक हसतात.
कठड्याला धरून मी पणजीकडे बघत राहते.
त्या संध्याकाळी धक्का हातभर उरला होता,
टायर दबलेसुद्धा,
आणि खनिजाची बार्ज आडवी आली म्हणून
बोट मागे सरली.
साखळीवाला हातात साखळी घेऊन तसाच उभा.
स्कूटरी चालू, पाय जमिनीवर.

मी घड्याळ पाहिलं. सवय.