क्लिअरन्स

वैजूच्या हॉस्टेलचा फॉर्म कानडीत होता.
मी तो उद्यमबागेत घेऊन गेलो.
जेवणाच्या सुट्टीत मल्लाप्पानं डबा बाजूला सारून भरला,
‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यावर
त्याच्या तेलकट बोटाचा ठसा उठला.
“टर्नर लिहू की नको?” म्हणाला.
लिही की, म्हटलं. तेवीस वर्षं झाली.

सही मात्र मी मराठीतच केली.
वैजूनं ती बघितली, काही बोलली नाही,
खाली स्वतःची केली, इंग्रजीत,
शेवटी एक लांब शेपटी ओढून,
जी मी आधी कधी पाहिली नव्हती.

खडेबाजारातून बॅग आणली.
रेणुकानं तीत कुंदा ठेवला, लसणाची चटणी, गोधडी,
मग गोधडी काढली, मग परत ठेवली.
बादली नको, तिकडं मिळते, वैजू म्हणाली.
बादली घेतली.

धारवाडच्या बसमध्ये लाल बादली माझ्या मांडीवर.
कित्तूर आलं तोवर तिला सांगायचं बरंच
मनात जुळवून झालं होतं,
पण ती खिडकीतून पाट्या वाचत होती.
शाळेतलं कानडी मार्कांपुरतं,
ते आता ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत,
पहिलीत ‘कमळ’ वाचायची तसं.
मी गप्प बसलो, बादली धरून.

आठव्या दिवशी रात्री साडेदहाला फोन.
“बाबा, काय कळंना गा मला वर्गात.
सर फळ्याकडं तोंड करून बोलतात, भराभर,
निम्मं इंग्लिश, निम्मं कानडी.
पोरी कशाला हसतात ते पण कळंना.
मी येऊ काय घरला?”

‘ये’ हा शब्द केवढा हलका.
जिभेवर आलाच होता.
त्याच्या मागं घशात आणखी उभे होते,
भरलेली फी, ओव्हरटाइम,
गल्लीतल्या गुरवांचा पोरगा आणि त्याची टक्केवारी.
सगळ्यांना दातांच्या आत धरलं
आणि विचारलं, जेवलीस काय?

रेणुकानं फोन ओढून घेतला.
सातवी पास बाई.
“काय कळंना? मला सांग बघू. पहिल्यापासनं.”
“तुला काय कळणार, आई.”
“नाही कळणार. तू सांग तर.”

आणि वैजू सांगू लागली, नाक ओढत,
मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा त्याचं काय होतं,
कुठला कण कुणाचा हात सोडतो,
पाणी मधे कसं शिरतं.
रेणुका हं, हं म्हणत होती,
पीठ मळताना येते तशी लय धरून.
एकदाच विचारलं,
“मग पाणी आटलं की परत एक होतात काय ते?”
पलीकडं शांत.
“थांब,” वैजू म्हणाली, “हे लिहून घेते.”

फोन तापला. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो.

नव्या पोरांना मी पहिलं हेच शिकवतो,
शाफ्ट आणि बुश एका मापाचे करू नका.
ठोकून बसवाल, झकास बसतील,
आणि पहिल्याच फेऱ्याला जाम.
मधे केसापेक्षा बारीक फट ठेवा, तेलापुरती.
किती, पोरं विचारतात.
मी भिंतीवरचा तक्ता दाखवतो.
घरी तक्ता कुठला लावायचा.

आता ती रविवारी फोन करते, आठवणीनं,
कधी सोमवारी.
खोलीतली शिल्पा गदगची,
तिची कडक भाकरी मोडल्याचा आवाज
इथवर ऐकू येतो.
मधेच वैजू कुणाला तरी ओरडते, “बंदे, बंदे!”
आणि आम्हाला, हळू, “ठेवू?”
ठेव की, रेणुका म्हणते.
मग आम्ही दोघं थोडा वेळ
काळ्या पडलेल्या स्क्रीनकडं बघत बसतो.

लाल बादली, परवा कळलं,
खोलीतल्या तिघी वापरतात.
कडी तुटली होती.
तारेनं बांधली म्हणे, तिनंच.