ओगराळंभर एकडोळे

माझ्या हातात ओगराळं, कमरेला विजेरी,
पिशवीत पाण्याची एक बाटली.
पाण्यात म्हटलं तर काहीच नाही.
उन्हात धरली की दिसतात:
वाक्य संपल्यावर टेकवलेल्या ठिपक्याएवढे,
झटके देत पोहणारे,
कपाळाच्या मध्यावर एकच डोळा असलेले.

लाल नदी समुद्राला मिळते तिथलं आमचं गाव.
विहिरींना गंजाची चव,
म्हणून प्रत्येक घरामागे
छपराचं पाणी धरणारी सिमेंटची टाकी,
टाकीशेजारी रांजण.
झाकणं आहेत सगळ्यांकडे.
फक्त ती रांजणावर नसतात,
त्यांवर मासळी वाळत असते.

म्हातारे थोआय फाटकातच आडवे आले.
"माझ्या टाकीत किडे सोडणार? त्या पाण्याचा मी चहा पितो."
मी म्हटलं, आजोबा, किडे आधीच आहेत.
ओगराळं बुडवलं, विजेरी मारली:
डोकी खाली, शेपट्या वर,
आठ-दहा वळवळे
पाण्याच्या छताला लोंबत होते.
"यांच्या पायांना उद्या पांढरे पट्टे येतील
आणि हे दिवसाढवळ्या चावतील.
माझे एकडोळे आज जन्मलेल्यांनाच खातात.
थोराड झालेल्यांना भितात. त्यांच्यासाठी मासा सोडा."
"आणि हे तुझे माझ्या पोटात गेले तर?"
"चहा उकळूनच पिता ना?"
ते हसले नाहीत. कडी लावून घेतली.

पुढे लुआबाई.
पोपनसाच्या साली निखाऱ्यावर टाकून बसलेल्या.
सगळी गल्ली गोडसर कडू.
"धुरानं जातात गं!"
जातात, बाई. शेजारच्या खोलीत जातात.
त्यांच्या फडताळाच्या चार पायांखाली चार वाट्या,
मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी भरलेल्या.
चारही वाट्यांत बाळंतपणं चालू.
मी मूठमूठ मीठ टाकलं.
"मुंग्यांना चालेल का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

नारळाच्या करवंट्या, बदकांचा डबा,
दिएपच्या दुकानामागचं टायर,
आणि जिचं पातं कधीच हरवलं
त्या पंख्याची पालथी जाळी, तिच्यावरचा प्लास्टिकचा तुकडा,
तुकड्यात घोटभर पाऊस.
घोटभर पुष्कळ झाला त्यांना.

नवव्या दिवशी थोआय माझ्या दारात.
अंगावर सदरा उलटा. नात तालुक्याच्या दवाखान्यात,
हाताला सलाइन,
दंडावर बारीक लाल ठिपके,
मोजायला बसलात तर संपू नयेत असे.
त्यांनी चहाचा पेला पुढे केला.
"यात मावतील तेवढे दे."
मी शिगोशीग भरला.
एक थेंब सांडू न देता चालत गेले,
पूजेचं तीर्थ नेतात तसे.
एवढ्याशा गल्लीत त्यांना फार वेळ लागला.

रात्री पाय धुऊन मी नवऱ्यापुढे उदबत्ती लावली.
तसबिरीजवळ फुलदाणी, शेवंती सुकत आलेली.
अमावस्येला पाणी बदलते, पौर्णिमेला बदलते,
आईनं शिकवलं तसं, तिला तिच्या आईनं.
हात सवयीनं विजेरीकडे गेला.

डोकी खाली. शेपट्या वर.

साऱ्या गावाची टोपणं उघडली मी,
मुंग्यांच्या वाट्यांपर्यंत वाकले,
आणि इथे, तुझ्या नाकासमोर!
चंद्राला लागतात पंधरा दिवस,
डासाला आठ पुरतात.
हे पंचांगात नव्हतं.

अंगणात सगळं ओतलं, तापल्या फरशीवर,
कडा ब्रशानं घासून काढल्या:
अंडी चिकटून बसतात, काजळीसारखी.

आता दर गुरुवारी पाणी बदलते तुझं.
शेजारणी विचारतात, हा कुठला नवा नेम?
तू असतास तर म्हणाला असतास,
इतक्यांदा तर जिवंतपणीही
पाणी विचारलं नव्हतंस, खुएन.

थोआयच्या नातीचं अजून कळलं नाही.
उद्या त्यांच्या टाकीकडे जाईन.
एकडोळे तगले का ते बघायला हवं.